स्टँड नाही, मडगार्ड नाही, आणि म्हणे सायकल!

ऐकलंत का? आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत एकानं नवी स्प्लेंडर दारात उभी राहिली असती एवढे पैसे मोजून सायकल घेतली. घेतली तर घेतली, पैसा त्याचा. पण खोकं उघडलं तर सायकलीला पायडलंच नव्हती! बायकोला वाटलं, नवऱ्याला कुणीतरी गंडवलं. दुकानात फोन लावला. तिकडून उत्तर आलं की ह्या किमतीच्या सायकलीला पायडलं येतच नाहीत, ज्यानं त्यानं आपल्या आवडीची वेगळी घ्यायची असतात. म्हणजे बारा हजारांची सायकल घ्या, पायडलं तिच्यासोबत आलीच. लाखाची घ्या, पायडलांसाठी पुन्हा खिशात हात घाला.

पायडलं निदान नंतर आली. स्टँड आलाच नाही. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. स्टँड नाही म्हणून सायकल दिवाणखान्यात शोकेसला टेकून उभी, टायरांखाली ‘तरुण भारत’ अंथरलेला, आणि सासूबाईंची खुर्ची स्वयंपाकघरात. शेजारच्या काकू दर्शन घेऊन आल्या नि गल्लीभर सांगत सुटल्या, “मी विचारलो की त्याला, डोंगरावरची सायकल म्हणतोस ना, मग डोंगरावर ठेव की बाबा!”

गावाला खूळ लागलंय ते हे. बरं, सायकल चालवायचं खूळ असतं तर कौतुकच केलं असतं. चालवणं रविवारी सकाळचे दोन-तीन तास. घेणं मात्र सातही दिवस चालू. ऑफिसात फायलीआड मोबाईलवर पुढच्या चाकाचे फोर्क बघायचे, जेवताना टायर बघायचे, आणि रात्री बायको झोपल्यावर ‘कार्ट’मध्ये टाकून ठेवायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तर ह्या मंडळींनी घरी पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते. सात टक्के वाचले म्हणून एकानं त्या आनंदात बूट घेतले. बुटांची किंमत त्या सात टक्क्यांहून जास्त होती, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

गिअरची गोष्ट तर ऐकाच. स्वस्त सायकलीला एकवीस गिअर असतात, पुढं तीन चकत्या, मागं सात. आपल्याला वाटतं, पैसे वाढले की गिअर वाढतील. छे! महागातल्या सायकलीला पुढं एकच चकती आणि मागं बारा. नऊ गिअर कमी झाले म्हणून ह्यांना हर्ष! कारण विचारलं तर सांगतात, पुढचा खटका गेला, वजन उतरलं, चेन पडत नाही. ते खरंही आहे. एकविसातले कितीतरी गिअर पडतात एकसारखेच, आणि मागची बारावी चकती ताटलीएवढी मोठी असल्यामुळं खडा चढही बसल्या बसल्या निघतो. पण चहाच्या टपरीवर हे ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की जास्त पैसे देऊन कमी माल आणला.

आणि सुट्या भागांचं जुळवणं म्हणजे पत्रिका बघण्याहून कठीण. जपानच्या शिमानोचीच केवढी मोठी उतरंड: टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे, त्याच्या वर आणखी. खालच्याचा खटका वरच्याच्या चेन सरकवणाऱ्या डिरेलरला चालेलच असं नाही. अकरा गिअरची चेन बाराला चालत नाही. बारा चकत्यांची कॅसेट घ्यावी तर बऱ्याचदा मागचा हबच वेगळा लागतो, आणि हब बदलायचा तर अॅक्सल १४२ मिलिमीटरचा की १४८चा हे आधी पाहायचं. सहा मिलिमीटरसाठी अख्खं चाक परत पाठवलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे. पूर्वी कसं, रॅले असो की अॅटलस, ओव्हरऑइलिंगला टाकली की मिस्त्री छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून, चाकाचा आऊट काढून संध्याकाळी परत देत असे. कुठल्या कंपनीचा छर्रा, असं विचारल्याचं कुणाला आठवत नाही.

आता चड्डीचं. खरं तर बोलू नये, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. ह्या खेळाची एक खास चड्डी असते, अंगाला चिकटून बसणारी, आणि नेमक्या जागी आत बोटभर जाडीची गादी शिवलेली. त्या टिळकवाडीकरानं ती दोरीवर उलटी वाळत घातली आणि ती वाऱ्यानं काकूंच्या गॅलरीत जाऊन पडली. काकूंनी ती दोन बोटांत धरून उचलली, गादी दाबून बघितली, आणि ह्याचं काही ऑपरेशन झालंय काय म्हणून हळूच चौकशी केली. त्यानं बिचाऱ्यानं खरं सांगितलं आणि घोळ वाढवला. ती चड्डी घालताना म्हणे आत दुसरं काही घालायचं नसतं! शिवण घासली की मांड्या सोलतात, हे त्यामागचं साधं कारण. पण कारण ऐकायला काकू थांबल्या कुठं? दुपारपर्यंत ही बातमी आरपीडी क्रॉसला पोचली होती.

रविवारी पहाटे हे सगळे काँग्रेस रोडला जमतात. आधी फोटो. मग एकमेकांच्या सायकली एका बोटावर उचलून वजन बघायचं. दोनशे ग्रॅम कमी करायला कुणी किती हजार घातले याची चर्चा. ती चर्चा करणाऱ्यांची पोटं त्या चिकट बनियनमधून काय सांगतात ते मी लिहीत नाही. मग निघायचं, कुणी येळ्ळूरच्या राजहंसगडाकडं, कुणी जांबोटीकडं, कुणी शिनोळीवरून देवरवाडीच्या वैजनाथाला. हा वैजनाथ चंदगड तालुक्यात, म्हणजे न्याहारीच्या आत परराज्यात! २०२५च्या फेब्रुवारीत भाषेच्या वादात दोन्हीकडच्या एसट्या सीमेवर अडल्या होत्या, तेव्हाही सायकलीला कुणी कन्नड की मराठी विचारल्याचं ऐकलं नाही. राजहंसगडाची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या शिवरायांच्या पुतळ्याचं २०२३च्या मार्चमध्ये दोन पक्षांनी तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण केलं. त्या गडावर एकाच फोर्कचं दोनदा उद्घाटन झालं तर नवल ते काय!

वाटेत हवा गेली की खरी गंमत. हिंडलग्याच्या पुढं एका पत्र्याच्या दुकानात एक जण सायकल ढकलत आला. म्हाताऱ्या मिस्त्रीनं पंप पुढं केला. पण ह्या चाकाचा व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक, वर इवलीशी चकती, ती आधी फिरवून सैल करायची. पंपाचं तोंड त्यावर बसेना. मिस्त्रीनं जाडी बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. त्यावर लावायची एक पितळी टोपी मिळते, पंचवीस-पन्नास रुपयांची. ती लावली की कुठलाही पंप चालतो. सायकलवाल्याच्या पाठीवर पाण्याची पिशवी होती, मनगटावर घड्याळ होतं नि हँडलवर कॉम्प्युटर. ती टोपी तेवढी घरी राहिली होती. शिवाय टायरात ट्यूबच नाही! आत पांढरं दूध ओतलेलं, भोक पडलं की ते घट्ट होऊन बुजवणारं. दूधही कायमचं नव्हे, काही महिन्यांत वाळतं आणि पुन्हा ओतावं लागतं. मिस्त्रीनं ते बोटावर घेऊन चोळलं आणि म्हणाला, “ट्यूब घाल की मर्दा एक, किती छळतोस त्याला?”

पाऊस लागला की जांबोटीकडची लाल माती मडगार्ड नसलेल्या मागच्या चाकावरून थेट पाठीवर येते. कमरेपासून मानेपर्यंत सरळ लाल पट्टा. त्या बनियनची किंमत पाच हजार. ती धुणारी बाई त्याला काय म्हणते ते घरोघरी वेगळं आहे, पण कुठंच छापण्यासारखं नाही. शेवटी दोनशे रुपयांचं प्लॅस्टिकचं मडगार्ड आणलं जातं. त्याचा मात्र फोटो काढत नाहीत.

निपाणीकरांनीही हसायला जाऊ नये. तिकडची पोरं खरेदीला कोल्हापूर गाठतात, दातेरी जाड टायरांची सायकल आणतात आणि ती चालवतात कुठं, तर हायवेच्या सपाट डांबरावर, तवंदी घाटापर्यंत. टायर मैलभरावरून गुणगुणत येतो. आमच्याकडं निदान खड्डे तरी आहेत. जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस गावांत बेळगावचं नाव लागलं आणि मग जे खोदकाम सुरू झालं, त्यात शंभर मिलिमीटर दबणारा फोर्क गावातल्या गावात वसूल झाला.

ह्या सगळ्यात मला खरी खटकते ती एकच गोष्ट. ही डोंगरावरची सायकल जन्मली भंगारातून. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन भागात काही पोरांनी १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरांच्या टाकाऊ सायकली चार-दोन डॉलरला गोळा केल्या आणि टॅमलपाइस डोंगराच्या आसपासच्या मातीच्या उतारांवरून सोडल्या. एका उतारावर १९७६पासून शर्यत सुरू झाली. मागच्या हबातला ब्रेक एवढा तापायचा की ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीचंच नाव पडलं ‘रीपॅक’. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीनं स्टंपजंपर नावाची सायकल बाजारात आणली आणि १९९६मध्ये हा खेळ अटलांटा ऑलिंपिकला पोचला. पण सुरुवात करणाऱ्यांकडं ना गादीची चड्डी होती, ना दूध. आणि आमच्याकडं मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो बोटाएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा वाकला, तर माणूस पंधरा दिवस कुरिअरची वाट बघत बसतो! तो तुकडा मुद्दामच मऊ केलेला असतो, फ्रेम वाकू नये म्हणून. एक सुटा जवळ ठेवावा एवढी साधी बाब. एकानं डोकं चालवून मोडका तुकडा उद्यमबागेत नेला आणि मशीनवाल्याकडून तस्साच कापून घेतला. ज्या गावात देशभरच्या गाड्यांचे भाग ओततात आणि कातून काढतात, तिथं हे सुचायला एवढा वेळ का लागावा?

तर मंडळी, तुम्हालाही खाज सुटली असेल तर ऐका. हेल्मेट आधी घ्या, आणि डोक्यावर घालून बघून घ्या. सायकल उंचीला बसते की नाही हे तिच्यावर बसूनच कळतं, पडद्यावर नाही. आणि नवी मुळीच घेऊ नका. पाऊस संपू द्या, गणपती होऊ द्या. हौस फिटलेल्यांच्या सायकली तेव्हा निम्म्या किमतीला निघतात, आणि त्यांना पायडलंही लावलेली असतात.