दिसलं का?

जीवशास्त्र विभागाच्या दर दोन-तीन बॅचमागे असा एक जण निघतोच. बी.एस्सी.ला तो राष्ट्रीय सेवा योजनेत शिरतो सवलतीच्या गुणांसाठी, एम.एस्सी.ला राहतो सवयीनं, आणि पुढे त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला तरी आपण आता स्वयंसेवक उरलेलो नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सांगून उपयोगही नसतो. शनिवारी सकाळी यवतमाळच्या स्टँडवर पांढरकवड्याच्या गाडीत खिडकीजवळ मांडीवर लाकडी पेटी घेऊन बसलेला दिसला, की ओळखावं. पेटी वर फळीवर ठेवा म्हणून कंडक्टर दर वेळी सांगतो. हा दर वेळी नम्रपणे मान हलवतो आणि पेटी आणखी आवळून धरतो.

त्याच्याबरोबर चार-पाच पोरं-पोरी असतात, पण त्यांचं गणित सरळ आहे. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास भरायचे आणि एक सात दिवसांचं शिबिर करायचं, हा तिचा हिशेब. रस्ता झाडला तरी तास भरतात, झाडं लावली तरी भरतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन जीवशास्त्र शिकवलं तरी भरतात. त्यातलं शेवटचं काम सावलीत होतं. शिवाय कॉलेजला नॅकच्या तिसऱ्या निकषात विस्तारकार्य दाखवावं लागतं, आणि त्याला जिओटॅग केलेले फोटो लागतात. त्यामुळे ही मंडळी फलक धरून शाळेच्या पाटीखाली उभी राहिली, की अर्धी कार्यशाळा पार पडलेली असते. अक्षांश-रेखांश व्यवस्थित उमटलेत ना, एवढं एक जण बघतो.

आपला माणूस त्या फोटोत नसतो. तो आहार शिजवणाऱ्या बाईंकडे कांदा मागायला गेलेला असतो.

कांदा हे त्याचं भांडवल. दोन-तीन घरून आणायचे असं तो दर शुक्रवारी ठरवतो आणि पेटीच्या काळजीत विसरतो. आता शाळेत कांदा कुठे मिळणार, तर पोषण आहाराच्या खिचडीत पडायचा असतो तो.

"कांदे मोजून येते बाप्पा इथं," बाई म्हणतात. "तुमाले देल्ला तं खिचडीत काय टाकू? तुमचं ते दुर्बिन?"

"अख्खा नको मावशी. एक पाकळी द्या. त्यातलाही पापुद्राच पाहिजे."

"पापुद्र्यानं काय होते?"

हा प्रश्न त्याला विचारू नये. मावशींची चूल विझेपर्यंत तो सांगतो.

पूर्वी तो पांढरा ॲप्रन घालून जायचा. 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम शाळाशाळांतून निघाली होती. त्यानंतर बरेच दिवस पांढऱ्या कपड्यातला कोणीही फाटकातून आत आला, की पहिलीचा वर्ग मागच्या दारानं बाहेर. एका गावात दोन पोरं थेट तुरीत जाऊन बसली आणि त्यांना काढायला पोलीस पाटलांना यावं लागलं, असं तो स्वतःच रंगवून सांगतो. तेव्हापासून ॲप्रन पेटीच्या तळाशी सूक्ष्मदर्शकाखाली अंथरलेला असतो. ॲप्रनचा इतका चांगला उपयोग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही मी पाहिलेला नाही.

जुने गुरुजी मात्र ठरलेला प्रश्न विचारतात, "बेडूक आणला का?" विद्यापीठ अनुदान आयोगानं 2014 मध्ये पदवी-पदव्युत्तर वर्गांतलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं, हे तो सांगतो. गुरुजी हळहळतात. जीवशास्त्र म्हणजे बेडूक, आणि बेडूक गेला म्हणजे राहिलं काय, अशी ती हळहळ असते.

राहिला कांदा. व्हरांड्यात ऊन तिरपं येतं तिथे स्टूल मांडायचं, आरशातून उजेड वर घ्यायचा. सूर्यावर थेट आरसा धरायचा नाही, हे तो तीनदा बजावतो. मग कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्यानं सोडवायचा. नीट निघाला तर ओल्या पॉलिथिनसारखा निघतो, घाई केली तर गुंडाळी होते. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वर मेडिकलमधून आणलेल्या आयोडीनचा एक थेंब. मग ती नखाएवढी पातळ कव्हरस्लिप. एक कड आधी टेकवायची, दुसरी सुईच्या टोकावर तोलून सावकाश खाली सोडायची. सोबतचे स्वयंसेवक ती कॅरमच्या सोंगटीसारखी टाकतात आणि आत हवा अडकते. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

कारण हवेचा बुडबुडा भिंगाखाली फार देखणा दिसतो. ठसठशीत काळी कड, मधे लख्ख उजेड, अगदी गोल. मुलांना वाटतं, हीच पेशी. खरी पेशी बिचारी फिकट, विटेसारखी लांबट, शेजारणीला खेटून बसलेली. आयोडीननं तिच्या आत एक पिवळसर ठिपका उमटतो, तो केंद्रक. बुडबुड्यापुढे तिच्याकडे कोण बघणार?

इथे या माणसाचा खरा गुण, किंवा कॉलेजच्या मते अवगुण, उघडा पडतो. रांगेतलं प्रत्येक पोरगं डोळा लावतं आणि ओरडतं, "दिसलं!" बाकीचे स्वयंसेवक म्हणतात, "छान! पुढचा." ह्याला ते जमत नाही.

"काय दिसलं?"

"गोल गोल."

"बुडबुडा आहे तो. परत बघ."

पुढचा येतो. "दिसलं दादा!"

"काय?"

"काळे काळे केस."

"तुझ्याच पापणीचे आहेत. डोळा जरा वर घे."

तिसऱ्यानं डोळा मिटून उरलेल्या डोळ्यानं वर्गाकडे पाहिलेलं असतं, आणि तरी त्यालाही दिसलेलं असतं. ह्यात मुलांचा दोष नाही. शाळेत विचारलं, "समजलं का?" की "हो" म्हणायचं असतं, हे पोर पहिलीतच शिकतं. वर्ग सुरळीत चालावा म्हणून ते केलेलं सहकार्य असतं. हा एकटाच ते सहकार्य नाकारतो. त्याच्या रांगा त्यामुळे संपत नाहीत. खिचडीची वेळ होते, गुरुजी घड्याळ बघतात, सोबतच्या पोरी परतीच्या गाडीची चौकशी करतात, आणि हा गुडघ्यावर बसून एखाद्या तिसरीतल्या पोरीला विचारत असतो, "विटा दिसतात का? भिंतीत लावतात तशा?" ती बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, "हाव. पन एकीत खडा हाय." तो खडा म्हणजे केंद्रक. त्यानंतर ह्याला खिचडीची गरज राहत नाही.

ज्या संत गाडगेबाबांचं नाव अमरावती विद्यापीठाला आहे, त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्यांना एकामागून एक प्रश्न. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात मात्र विस्तारकार्य म्हणजे भाषणच समजतात. असो.

खिचडीवरून आठवलं. आयोडीनचा उरलेला थेंब पिष्टमय पदार्थावर टाकला, की निळा-काळा होतो. बटाट्याच्या फोडीवर, पोळीच्या तुकड्यावर, भातावर. हे एकदा दाखवलं की पोरं थांबत नाहीत. खडूवर टाकून बघतात, वहीच्या पानावर टाकून बघतात. एका शाळेत एकानं ताटलीतल्या खिचडीवर टाकलं. "अवं माय, माह्या खिचडीत काय घातलं यानं!" हे ऐकून अख्खी आळी गोळा झाली. ती ताटली उकिरड्यावर ओतली, तीही माणूस उभा करून, कोंबडी येऊ नये म्हणून. तेव्हापासून बाटली ह्याच्या शर्टाच्या खिशात असते आणि त्याच्या सगळ्या शर्टांच्या खिशावर तपकिरी डाग आहेत.

कपाशीकडे तो उशिरा वळला. खरं तर कापसाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसानं कांद्यामागे लागायचं कारण नव्हतं. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाते आणि तिचा धागा होतो. म्हणजे बोंडातला एकेक तंतू ही एकच पेशी, दोन-अडीच सेंटिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. ती पक्व होईतो मेलेली, आतून पोकळ. भिंगाखाली ती पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखी दिसते. हे त्याला एम.एस्सी.ला परीक्षेपुरतं माहीत होतं, पण एके दिवशी शाळेत एका पोराच्या शर्टाला चिकटलेला तंतू त्यानं सहज काचपट्टीवर घेतला आणि मग दोन महिने त्याला दुसरा विषय नव्हता. घरी वडिलांना सांगितलं, "बाबा, आपण आयुष्यभर पेशी विकल्या."

वडील कोरडवाहू कास्तकार. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग पेशीले भाव काय हाय?"

पोरांचीही तीच जात. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा लेवेनहूक हा हॉलंडमधला कापडाचा व्यापारी, कापडाचे धागे तपासायला भिंग वापरता वापरता तो सतराव्या शतकात थेंबातल्या जिवांपर्यंत पोचला, ही गोष्ट तो फार जीव ओतून सांगतो. पाचवीतल्या एकानं हात वर केला. "त्याच्याकडे कापूस क्विंटलनं घेत का गाठीनं?"

कपाशीचं पान मात्र तो शाळेत आणू देत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर तर नाहीच. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तो तेव्हा शिकत होता. या एका बाबतीत तो विनोद करत नाही आणि कोणाला करूही देत नाही. पोरं डोमकळी घेऊन येतात, गुलाबी बोंडअळीनं पाकळ्या आतून शिवून टाकलेलं ते गुलाबासारखं फूल. ते तो चिमट्यानं घेतो, कागदावर उघडून दाखवतो आणि मग सगळ्यांना हापशावर हात धुवायला पाठवतो. तिथे तो रांगेत शेवटी उभा राहून प्रत्येकाची नखं बघतो.

एरवी मात्र कार्यशाळेचा आराखडा मोडायला त्याला निमित्त लागतं. विदर्भात शाळा उघडतात जूनअखेर, नेमक्या मृगाचे किडे निघण्याच्या दिवसांत. झरी-जामणीकडच्या एका पोडावर त्यानं फळ्यावर लिहिलं होतं, "कीटकाला सहा पाय." एक कोलाम मुलगी काडेपेटीतून लाल मखमली मृगाचा किडा घेऊन आली, भिंगाखाली ठेवला आणि मोजून म्हणाली, आठ. बरोबरच होतं. मृगाचा किडा कीटक नव्हेच, कोळ्या-विंचवाच्या गोतातला. सोबतच्या स्वयंसेविकेनं "तो वेगळा असतो" म्हणून पुढे जायचं ठरवलं होतं. ह्यानं फळा पुसला आणि उरलेला सगळा दिवस शाळेमागच्या ओल्या मातीत पाय मोजण्यात गेला. परागकण, फुलाचे भाग, हृदयाचं फुगे लावलेलं मॉडेल, सगळं पेटीतच. जास्वंदीची पंधरा फुलं परतीच्या गाडीत कोमेजली.

साधनांच्या बाबतीतही त्याची स्वतःची मतं आहेत. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी 2014 मध्ये जगापुढे आणलेला कागदी घडीचा फोल्डस्कोप त्याच्याकडे आहे. हा एकशेचाळीस पट मोठं दाखवतो, खिशात मावतो, पडला तरी फुटत नाही. त्याची तो तोंड भरून स्तुती करतो आणि तरी पेटीच उचलतो. का, तर फोल्डस्कोपमध्ये मुलाला काय दिसतंय, ते दादाला चटकन वाकून बघता येत नाही. म्हणजे पुन्हा तोच रोग.

अशा माणसाचं लग्न जमायला वेळ लागतो. तासिका तत्त्व हे एक कारण. दुसरं कारण कांदेपोहे. राळेगावकडे मुलगी पाहायला गेला असता त्यानं बशीतली कांद्याची चकती उजेडाकडे धरली आणि कांदा परतल्यावर आरपार का दिसतो, उष्णतेनं पेशींची आवरणं फुटून आतलं पाणी कसं निघून जातं, हे मुलीच्या मामाला समजावून सांगितलं. मामा तलाठी होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पर्मनंट कधी होणार?"

"पोट्टे शिकवून रायला लोकाईचे," आई म्हणते, "सोताचं कवा जमवशीन?"

त्याचं खरं भांडण मात्र विभागात होतं. परतल्यावर सोमवारी अहवाल भरायचा असतो. स्थळ, दिनांक, सहभागी स्वयंसेवक, छायाचित्रं, आणि मग तो रकाना: लाभार्थी संख्या. ह्यानं लिहिलेलं असतं, अकरा.

"शाळेचा पट किती?" सर विचारतात.

"त्रेचाळीस."

"हजर किती होते?"

"त्रेचाळीसही होते सर. खिचडी होती ना."

"मग अकरा कसे?"

"दिसलं अकरांना."

सर चश्मा काढतात. सर वाईट नाहीत. तरुणपणी त्यांनीही पेट्या उचललेल्या आहेत, पण आता त्यांना समितीपुढे फाइल मांडायची असते. ते अकरा खोडून त्रेचाळीस करतात आणि सही करतात. हा वाद घालत नाही. फाइल घेऊन बाहेर येतो, शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात "उर्वरित बत्तीस विद्यार्थ्यांस हवेचा बुडबुडा दिसला" असं लिहितो आणि कारकुनाच्या टेबलावर ठेवतो. नॅकच्या कुठल्या समितीनं तो रकाना वाचल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.