ओपनिंगवाले मामा

अर्धापुरात केळी भरायची गाडी लांबली की हॉटेलात बुद्धिबळाचा पट पडतो, आणि पट पडला की मामा हजर. बोलावणं लागत नाही. चहा मात्र लागतो.

मामा खेळत नाहीत, खेळवतात. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं की मागून आवाज येतो, "हाण, सिसिलियन!" वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं कसं न्यायचं, हे ते खेळणाऱ्याच्या हातातून प्यादं काढून घेऊन दाखवतात. मग नायडॉर्फ, मग ड्रॅगन. सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओंतून तोंडपाठ. पटावरचा एक हत्ती केव्हाच हरवलाय, त्याच्या जागी बाटलीचं झाकण आहे. मामा त्या झाकणालाही 'रूक' म्हणतात.

२८ जुलै २०२५ला बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवलं, महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून मामांना आवरणं कठीण. "विदर्भ गेला पुढं. बुद्धिबळातबी आपला अनुशेषच!"

शेवटी पोरांनी एकदा मामांनाच पटावर बसवलं. समोर देशी पद्धतीनं खेळणारे एक आबा. मामांनी ऐटीत सिसिलियनचं प्यादं उचललं, तोच आबांनी मनगट धरलं. "प्यादं एकच घर चालतंय, बाबा." सिसिलियन तिथंच संपली. पुढं मामांनी मोठ्या कष्टानं शहाची तयारी केली, तर आबांचा राजा घोड्यासारखा अडीच घरं उडून पसार!

"हे फिडेच्या नियमात नाही!"

"शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची चाल असतीय. आन् हे फिडे कुठं ऱ्हातंय? नांदेडला?"

मामांना माहीत नसलेली गंमत अशी, की त्यांच्या व्हिडिओंतल्या 'इंडियन डिफेन्स'चं मूळ आबांसारख्यांच्याच खेळात आहे. १८५०च्या सुमारास कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळताना प्यादी अशीच एकेक घर सरकवत. त्या देशी सवयीवरून हे नाव पडलं.

मात झाल्यावर कुणीतरी आबांना त्यांच्या ओपनिंगचं नाव विचारलं. आबा म्हणाले, "आमी नुसतं खेळतो. नावं ठेवायला मामा हायत की."

तरीही पोराला बुद्धिबळ शिकवायचं असेल, तर खुशाल मामांकडे पाठवा. फक्त दहाव्या चालीला न विसरता परत घेऊन या.