ट्रॅकवर न्यायची गाडी: एमएच-१३ वाल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँ लागतो. त्यात फळ्यांच्या उभ्या भिंतीवर गरागरा फिरणारी गाडी कोणती असते, ते येत्या जानेवारीत नीट बघून घ्या. बहुतेक वेळा जुनी मारुती ८०० असते. पत्रा ठोकून ठोकून सरळ केलेला, खिडकीला काच नाही, आणि चालवणारा अर्धा बाहेर येऊन प्रेक्षकाच्या हातातली नोट ओढून घेतोय. इंजिन ७९६ सीसीचं, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. नवशिक्याचा पहिला धडा इथे तिकिटाच्या पैशांत आटोपतो: वेगात वळायचं असेल तर गाडी हलकी पाहिजे. त्या गाडीचं पासिंग कुठलं, पीयूसी आहे का, हे मात्र विचारू नका. आपल्या गाडीला ते सगळं लागणार आहे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची, हेल्मेट घालायचं, आणि आपली रोजचीच गाडी बंद ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांत मनसोक्त पळवायची. नंबर नाही, चषक नाही, आमदारांच्या हस्ते सत्कार नाही. घरी सांगताना अगदी याच शब्दांत सांगा. चुकून ‘रेस’ म्हणालात तर अप्पा थेट महालक्ष्मीच्या घोड्यांवर जातील, आणि तिथून कोणत्या चुलत्याची शेती कशी गेली यावर.

आता भूगोल. सोलापुरात ट्रॅक नाही. (सात रस्ता धरत नाही.) ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला आणि मग मांडव उठला. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, नाहीतर कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे. हा दुसरा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा. गिरणीवाल्यांच्या घरातला हा माणूस. मारुती ८०० चं इंजिन बसवून त्याने ‘फॉर्म्युला मारुती’ नावाच्या एकासनी रेसिंग कार केल्या आणि मध्यमवर्गीय पोरांना शर्यतीत आणलं. गिरण्या आपल्याकडेही होत्या. आपण चादरी उत्तम केल्या, त्याबद्दल तक्रार नाही.

सोलापूरहून चेन्नईला रेल्वे थेट जाते, पण गाडी बर्थखाली मावत नाही. ट्रेलरवर चढवून न्यायची म्हटलं तर भाड्यातच हौस फिटेल. म्हणजे रस्त्याने जाणं आलं: जायचे नऊशेच्या आसपास, यायचे तेवढेच. हिशेब असा की जी गाडी ट्रॅकवर दिवसभरात जेमतेम शंभर किलोमीटर पळेल, ती त्यासाठी रस्त्यावर अठराशे किलोमीटर चालेल. गाडी निवडायची ती या अठराशेसाठी. ज्या पुस्तकांत ‘मागची सीट काढा, ए.सी. काढा, कार्पेट उचकटा, वीस-तीस किलो वाचतील’ असं लिहिलेलं असतं, त्यांचे लेखक मे महिन्यात अक्कलकोट रोडवर दुपारी उभे राहिलेले नाहीत. ए.सी. राहू द्या. ट्रॅकवर तो बंद करायचा असतो, पण बंद करायला आधी असावा लागतो. वजन कमीच करायचं असेल तर डिकीतून सतरंजी, दोन छत्र्या, लग्नात मिळालेली न उघडलेली कुकरची पेटी काढा, आणि स्वतःचंही थोडं. मीही काढणार आहे, म्हणजे पोट.

गाडी कोणती? पांढरी स्कॉर्पिओ नको. तुमची भावना समजते. पण उंच आणि जड गाडी वळणावर आतल्या बाजूचं चाक उचलायच्या बेताला येते, आणि तिथे ‘साहेब’ लिहिलेली काच उपयोगी पडत नाही. शिवाय टायर आणि ब्रेक किलोवर झिजतात: वजन जेवढं, तेवढा खर्च. डिझेलही नको, नाक जड असतं आणि गाडी वळायला कुरकुरते.

पहिली शिफारस कंटाळवाणी आहे: पेट्रोल स्विफ्ट. २००५ साली आलेली पहिली स्विफ्ट १.३ लिटरची, ८७ अश्वशक्तीची, वजन टनाच्या आसपास. आजच्या पोरांना ८७ ऐकून हसू येतं, पण गाडी वळते छान, आणि महत्त्वाचं म्हणजे तिची क्लच वायर तुटली तर मोहोळलाही मिळते. कुठल्याही गावातला फिटर डोळे मिटून तिचं इंजिन खोलतो. काही जण डोळे मिटूनच जोडतातही. तिथे लक्ष ठेवा.

दुसरी, चाकणची पोलो. २००९ अखेर ते २०२२ पर्यंत तिथे बनली, २०१० पासून तिचीच कप शर्यतही भरली. शेवटच्या काळातलं १.० टीएसआय इंजिन ११० अश्वशक्तीचं. हायवेला बसून राहते, वळणावर विश्वास देते. पण तिचे सुटे भाग मागायला गेल्यावर काउंटरवरचा माणूस आधी आपल्याला बसायला खुर्ची देतो. त्यावरून बिलाचा अंदाज घ्यावा.

तिसरी जुन्या लोकांसाठी: फियाट पालिओ १.६. सचिनच्या कौतुकात एस१० निघाली होती, तीच ही. चालवायला अप्रतिम, पेट्रोल पिण्यातही. सांभाळणारा मिस्त्री गावात असेल तरच घ्या, आणि त्या मिस्त्रीच्या तब्येतीची अधूनमधून चौकशी करत राहा.

सेकंडहँड घेताना विकणारा काय म्हणतो ते ऐकून घ्यावं, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. “मालक, डॉक्टरांची गाडी आहे. घर ते दवाखाना. इंजिनला हात लावलेला नाही बघा.” इंजिनला हात लावलेला नसेल तर ऑइलही बदललेलं नसेल, हे मनात ठेवा. मीटरचा आकडा वाचू नका. ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या पायपट्ट्यांचं रबर बघा. पस्तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं रबर आरशासारखं गुळगुळीत झालं असेल, तर डॉक्टरांचा दवाखाना हैदराबादला होता. मग खाली वाका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात उभं राहून रबर कडक झालेलं असतं. गोटा झालेला टायर निदान दिसतो; कडक झालेला टायर पहिल्या वळणापर्यंत सज्जन वाटतो.

पैसे कुठे घालायचे? हौशी माणूस आधी सायलेन्सर बदलतो, मग अलॉय व्हील, मग बॉनेटवर पट्टे. यातलं काहीही गाडी थांबवत नाही. ट्रॅकवर पळण्यापेक्षा थांबण्याचीच परीक्षा असते. सरळ पट्ट्याच्या टोकाला दर फेरीत कचकचून ब्रेक लागतो. पॅड तापतात, उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल उकळायला किमान २३० अंश लागतात. तेच ओलावा धरल्यावर १५५ पर्यंत उतरतं. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल थेट मॅटला टेकतं. तेव्हा गाडीतल्या गणपतीकडे बघायला वेळ नसतो, शिवाय तो गणपतीही नियमाप्रमाणे आधीच काढून ठेवलेला असतो, कारण आत काहीच सुटं चालत नाही. तर जाण्याआधी ताजं डॉट ४ भरा, चांगले पॅड टाका, चारही टायर नवे. हा खर्च दिसत नाही, मित्र विचारतात “बदललं काय?” आणि उत्तर द्यायला जागा नसते. तेवढं सोसा.

कायद्याचं थोडं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड ५०० वरून ५००० वर गेला, तुरुंगाची सोय वेगळी. पुणे रोड कितीही मोकळा दिसला तरी तो ट्रॅक नाही. ट्रॅकवर समोरून उलट्या बाजूने उसाची ट्रॉली येत नाही. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत. काळी फिल्म २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयानेच बंद केली आहे. ४१४१ नंबर घेऊन तो ‘दादा’ असा रंगवायचा बेतही सोडा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही राज्यात आता उच्च सुरक्षेची पाटी सक्तीची आहे, आणि तिच्यावर रंगकाम चालत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या स्वस्त गाडीचा मोह झाला तर पुनर्नोंदणीची फी आधी विचारा; एप्रिल २०२२ मध्ये ती ६०० वरून एकदम ५००० झाली. विम्याच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचं बारीक अक्षरातलं कलम असतं, शर्यत आणि वेगचाचणी त्यात स्पष्ट वगळलेली असते. थोडक्यात, ट्रॅकवर भिंतीला लावलेली गाडी स्वतःच्या खिशातून सरळ करायची. म्हणूनच म्हटलं, स्वस्त घ्या. जी गाडी ठोकली तरी त्या रात्री जेवण जाईल, ती तुमची ट्रॅकची गाडी.

चेन्नई गाठण्याआधी एकदा कोल्हापूरला जाऊन या. तिथे मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात. कार्टमध्ये बसल्यावर तासाभरात दोन गोष्टी कळतात: आपण समजत होतो तेवढे आपण वेगवान नाही, आणि पुढे जाणारं पोरगं आठवीत आहे. याने गाडीच्या बजेटमध्ये लक्षणीय बचत होते.

प्रत्यक्ष ट्रॅकवर झेंडे पाळा. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, हळू, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागचा वेगवान आहे, वाट द्या. यात मानापमान नाही, तो मुंबईचा असला तरी. लाल म्हणजे पाळी थांबली.

शेवटची फेरी सावकाश मारा म्हणजे ब्रेक थंड होतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ब्रेकवर ओढून ठेवला तर तो चिकटून बसण्याची भीती असते. पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकामागे वीट लावा. वीट घरूनच न्या. तिथे तमिळमध्ये मागत फिरण्यापेक्षा ते सोपं पडतं, आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे डिकीत वीट कशाला, असं घरी कोणी विचारणार नाही.