धबधब्याचे शास्त्रोक्त छायाचित्रण

धबधब्याच्या फोटोला मोबाइल पुरतो, हे आधीच कबूल करून टाकतो. खिशातून काढायचा, शर्टाला पुसायचा, बटण दाबायचं आणि कणीस खायला मोकळं व्हायचं. ज्यांचं एवढ्यावर भागतं त्यांनी इथूनच परतावं. हे मार्गदर्शन घरच्यांनी ज्यांच्यावर पाणी सोडलंय अशा मोजक्या लोकांसाठी आहे. त्यांना चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर, भात्याच्या लाकडी कॅमेऱ्याने, भर श्रावणात, ठोसेघरचा धबधबा टिपायचा असतो.

विधीला आदल्या रात्री आरंभ होतो. सुटी फिल्म होल्डरमध्ये भरावी लागते, तीही मिट्ट काळोखात. एरवी पावसाळ्यात तीन-तीनदा जाणारी वीज त्या रात्री हमखास जात नाही, म्हणून बाथरूममध्ये शिरावं, दाराच्या फटीला टॉवेल कोंबावा आणि बाहेरच्यांना निदान अर्धा तास पोट आवरायला सांगावं. फिल्मच्या एका कडेला बारीक खाचा असतात. त्या उजव्या हाताच्या बोटांना वरच्या उजव्या कोपऱ्यात लागल्या की फिल्मची कामाची बाजू आपल्याकडे आहे असं समजावं. एका होल्डरमध्ये दोन फिल्म, एक पुढून, एक मागून. प्रत्येकीवर एक सरकती पट्टी. पट्टीच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. हा नियम जगभर पाळला जातो. मीही अठरा वर्षं पाळला आणि एकदाच चुकलो.

साहित्यात कॅमेरा, लेन्स, सहा होल्डर, तिपाई, लाइट मीटर, भिंग आणि मेहुणा. मेहुणा अंगाने भरलेला असावा. वारा सुटला की तिपाईला धरून बसणं आणि पाऊस आला की छत्री धरणं, ही दोन कामं त्याच्याकडे. छत्री कॅमेऱ्यावर धरायची असते, माणसावर नव्हे. हे त्याला निघण्यापूर्वीच, आणि शक्यतो त्याच्या बहिणीसमोर, सांगून ठेवावं.

या कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असते आणि तिच्यावरचं चित्र दिसायला डोक्यावर काळं कापड घ्यावं लागतं. दुकानात त्यासाठी खास कापड मिळतं. ते ठोसेघरच्या पावसात दहा मिनिटांत ओल्या फडक्यासारखं मानेला चिकटतं. मी घोंगडी वापरतो. घोंगडी पावसाला दाद देत नाही, वाऱ्याने उडत नाही, आणि आत काळोख असा की फिल्म तिथेच भरावी. फक्त भिजलेल्या मेंढीचा वास येतो. पाऊण तासाने तो येईनासा होतो. मग तो आपल्यालाच येत नाही एवढंच, बाकीच्यांना येतो.

साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा मागे टाकून, वाटेत एकही चहा न पिता निघावं, कारण पुढे तिपाई सोडून कुठेच जाता येत नाही. पायऱ्या उतरून दरीच्या अलीकडे उभं राहिलं की समोर धबधबा असतो. असतो म्हणजे ऐकू येतो. दिसतं ते धुकं.

या वेळात कॅमेरा लावून घ्यावा. धबधबा समोर आणि खाली असला तरी कॅमेरा वाकवू नये, वाकवला की कडे पडल्यासारखे दिसतात. कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स खाली सरकवावी. याच सुमारास काचेवर वाफ धरते. ती दरीची नसते, आपल्याच श्वासाची असते. घोंगडीत शिरताना श्वास बाहेर सोडून यावा, पाहून होईपर्यंत आत घेऊ नये.

काचेवर चित्र उलटं दिसतं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. पाणी खालून उसळून वर कड्यात शिरताना दिसतं. आठ-दहा दिवसांच्या सरावाने याचं काही वाटेनासं होतं, पण ज्यांचा सराव नाही असे लोक भेटतात. गेल्या वर्षी मी घोंगडीत असताना बाहेरून आवाज आला, "पावनं, आत काय बगताय?"

"धबधबा."

थोडा वेळ शांतता. मग, "आन् मग ह्यो भाईर कुणाचा?"

मी बाहेर आलो. म्हाताऱ्याच्या अंगावरही घोंगडीच होती, माझ्यापेक्षा चांगली. त्याला आत डोकावू दिलं. आतून आवाज आला, "आरं तिच्या, पानी वर चाललंय की!" बाहेर येऊन त्याने कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे दयेने पाहिलं. "दुरुस्तीला टाका. आन् असलंच बघायचं आसंल तर सडावाघापूरला जावा, तितं फुकाट दिसतंय."

म्हाताऱ्याचं खरं होतं. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला कड्यावरून पडणारं पाणी दरीतून येणारा वारा परत वर उधळतो. पुढच्या रविवारी मेहुण्याला घेऊन तिथेही गेलो. कॅमेरा लावला, घोंगडीत शिरलो. काचेवर पाणी मुकाट, सरळ, वरून खाली पडत होतं. घाटावरच्या कुठल्याही धबधब्यासारखं. एवढ्या लांब त्यासाठी का आलो, हे मेहुण्याला अजून समजावता आलेलं नाही.

आता वेळेचा हिशेब. धबधबा ताकदीचा आहे हे फोटोत दिसायचं तर धारा सुट्या दिसायला हव्यात. सेकंदाच्या पंधराव्या-तिसाव्या भागात त्या दिसतात. एक सेकंद दिला की पिंजलेला कापूस होतो. कापसाचे धबधबे दवाखान्यांच्या कॅलेंडरवर शोभतात, आणि माझ्या मते तिथेच राहावेत. कार्लटन वॉटकिन्स 1861 साली अठरा बाय बावीस इंचांच्या काचा खेचरांवर लादून योसेमिटीत गेला. त्याच्या काचांवर पाणी धुरकट आलं ते त्या काळच्या रसायनांचा वेग कमी म्हणून. आपण तेच मुद्दाम करतो आणि त्याला तरलता म्हणतो.

पण ढगाळ हवेत 125 वेगाच्या फिल्मला लेन्सच्या एफ/22 एवढ्या बारीक छिद्रावर सेकंदाचा चौथा ते आठवा भाग लागतोच. 400 ची फिल्म घेतली तर तिसाव्यापर्यंत जाता येतं, ती घ्यावी. गवताच्या पात्यापासून कड्यापर्यंत सगळं रेखीव हवं असा हट्ट धरू नये. तो हट्ट 1932 साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी मंडळींनी धरला आणि आपल्या गटाचं नावच एफ/64 ठेवलं. ठोसेघरला एफ/64 चं त्याहून बारीक छिद्र लावलं तर 125 च्या फिल्मला दोन सेकंद लागतात, आणि दोन सेकंदांत तिथलं गवत सहा वेळा लवतं, झाडं लवतात, भाता शिडासारखा फुगतो, मेहुणा शिंकतो. फोटोत स्थिर येतो तो फक्त कडा. त्यात फिल्म एका सेकंदाच्या पुढे कामचुकारपणा करू लागते. मीटरने दहा सेकंद सांगितले तर तिला अठरा द्यावे लागतात.

मग थांबायचं. "दाजी, झालं का?" असं दर पाच मिनिटांनी विचारलं जाईल. उत्तर देऊ नये. बघ्यांचेही प्रश्न येतील. पिक्चरचं शूटिंग आहे का, पासपोर्ट साइज निघतात का, सर्व्हे रस्त्याचा आहे की धरणाचा. धरणाचा म्हणू नये, गर्दी वाढते.

धुकं फाटतं तेव्हा कुठलीही सूचना न देता फाटतं, आणि दोन मिनिटांत पुन्हा मिटतं. तेवढ्यात शटर मिटायचं, एफ/22 लावायचं, शटर ताणायचं, लेन्सवरचे तुषार पुसायचे, होल्डर सरकवायचा, पट्टी ओढायची, पुन्हा तुषार पुसायचे, वारा पडायची वाट पाहायची आणि केबल दाबायची. म्हातारा भेटला त्या दिवशी मी यातलं काहीही विसरलो नाही. दोन्ही कडे लख्ख, मधोमध पाण्याचा लोट, धारा सुट्या. केबल दाबली त्याच क्षणी छत्री उलटली, पण तोवर माझं काम झालं होतं. मेहुण्याचं झालं की नाही ते मी पाहिलं नाही.

घरी फिल्म धुतली. त्या पावसाळ्यातली ती एकच फ्रेम मनासारखी होती. फक्त तिच्यात आधीपासून कोणीतरी उभं होतं.

वैशाखात मावशीच्या नातवाची मुंज झाली होती. बटूचा एक फोटो मी याच कॅमेऱ्याने काढला होता, आणि पंगतीची घाई असल्याने पट्टी परत घालताना पांढरी बाजू बाहेर ठेवली होती. त्याच फिल्मवर ठोसेघर उतरलं. निगेटिव्ह फिल्म उदार असते, दोन्ही पोटात घालते. तुळतुळीत डोकं, लंगोटी, हातात दंड, आणि साताऱ्याचा सगळा पाऊस बटूच्या टाळूवर.

मावशीला दाखवताना मी माफीची भाषा तयार ठेवली होती. तिने फोटो लांब धरला, मग चष्मा लावून जवळ धरला. "मुद्दाम केलंस ना रे?"

"हो."

आता तो मोठा करून, काचेत घालून दिवाणखान्यात लावलेला आहे. मुंजीच्या भटजींनी त्याला गंगावतरण म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. फाळक्यांचं पडद्यावरचं 1937 सालचं, हे आमचं. वरच्या उजव्या कोपऱ्यात उलटलेल्या छत्रीच्या तीन काड्या पुसट आल्या आहेत. त्या कापून टाकू या, असं मी दोनदा सुचवून पाहिलं. मावशी ऐकत नाही. ती म्हणते, तो त्रिशूळ आहे.