घणसोलीची मुले, माणगावचे मैदान

शाळकरी मुलांच्या तब्येतीची सरकारला काळजी नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा परिपत्रकांची फाईल उचलून पाहावी; दंडाला तेवढाच व्यायाम. २०१५ साली दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर आणले गेले. २०१७ साली शाळेच्या कँटीनमधून चिप्स, पिझ्झा, बर्गर हद्दपार झाले. २०२४ साली चौथीपर्यंतच्या मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळा नऊच्या आधी भरवू नका, असे ठरले. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावायला लावले. यातले एकही पाऊल चुकीचे नाही. फक्त गंमत अशी, की यातल्या एकाही पावलाला जमीन लागत नाही. फलक भिंतीवर मावतो, झोप मुलाच्या घरी होते आणि दप्तर मुलाच्याच पाठीवर असते.

जमीन लागते ती खेळायला, आणि तिथेच आरोग्याला धाप लागते. नवी मुंबईतल्या घणसोलीत सुमारे २० एकर जागा सरकारी क्रीडा संकुलासाठी २००३ साली राखून ठेवली गेली. २०१६ साली हे शहर वसवणाऱ्या सिडकोने तिचा काही भाग खासगी विकासकाला इमारतींसाठी दिला. २०२१ साली सरकारने संकुलच रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या नाणोरे गावी हलवायचे ठरवले, म्हणजे ११५ किलोमीटरवर. निर्णय दूरदृष्टीचाच म्हणायचा: दोन तास खेळायला निघालेले पोर मुंबई-गोवा महामार्गावर संयम, सहनशक्ती आणि खड्ड्यांतला तोल हे तिन्ही गुण शिकूनच मैदानात उतरले असते. वास्तुविशारदांच्या संस्थेचे नवी मुंबई केंद्र मात्र न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा सारा व्यवहार रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. २००३ साली पहिलीत गेलेले मूल तोवर सत्ताविशीत पोचले होते. त्याचा पीटीचा तास संपून बराच काळ लोटला होता.

कुणी म्हणेल, क्रीडा संकुल म्हणजे काही शाळेचे मैदान नव्हे. शाळांना मैदान तर शिक्षणहक्क कायद्यानेच सक्तीचे केले आहे. खरे आहे. पण हे मैदान किती मोठे हवे, ते कायद्याच्या परिशिष्टात सांगितलेले नाही. मग पेव्हर ब्लॉकचा चौकोन तपासणीच्या दिवशी मैदान ठरतो आणि एरवी तिथे स्कूलबस उभ्या राहतात. अशा शाळेतल्या मुलाला संध्याकाळी धावायला शहराचेच मोकळे रान उरते, आणि रोज तासभर अंगमेहनत हवी हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला गॅलरीत पाळता येत नाही. पोर्शन मागे पडला की पीटीचा तास गणिताला जातो, त्याची तर गोष्टच सोडा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: शहराला घरे हवीत, मैदान ही चैन आहे. पण नवी मुंबई काही दाटीवाटीने आपोआप वाढलेले गाव नव्हे. १९७० साली सिडको स्थापन झाली तीच शहर आखून वसवायला. घरे कुठे, शाळा कुठे, मोकळी जागा कुठे हे आधी कागदावर मांडून मग इथे विटा रचल्या गेल्या. त्या हिशेबात मैदान धरूनच घरे विकली गेली. आता मैदानच चैन ठरवायचे, तर विकासकाच्या जाहिरातीतल्या हिरवळीवर बागडणारी ती दोन मुलेही काढून टाकावीत. निदान त्यांना तरी माणगावला पाठवायला नको.