खोलून बगू!

चालू वस्तूकडे ढुंकूनही न बघणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो. आमच्या बावड्यात त्याला तात्या म्हणतात. इंदापुरात अण्णा म्हणत असतील, अकलूजला आप्पा. बंद पडलेली वस्तू समोर आली की हा गृहस्थ आधी ती पालथी करतो, बुडाचे स्क्रू न्याहाळतो आणि म्हणतो, "खोलून बगू." पैसे किती, कधी मिळेल, मिळेल की नाही, हे सगळे प्रश्न तिथं संपतात.

तात्यांचा धंदा म्हणाल तर मोटार रिवाइंडिंगचा. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा आणि मधे ऊस, त्यामुळे मोटारी जळायला तोटा नाही. व्होल्टेज उतरलं की पाच एचपीची मोटार आधी कण्हते, मग वास सोडते आणि सकाळी पोत्यात बसून तात्यांच्या दारी येते. तांब्याची तार किलोवर, मजुरी वेगळी. हे काम तात्या डोळे झाकून करतात, आणि त्यांचा सारा कंटाळा त्यातच आहे. जळाली ती जळाली, तिच्यात हुडकायचं काय? म्हणून दारात चार मोटारी, चार मालक, रानात वाळणारं खोडव्याचं पीक, आणि तात्या आत कुणाच्या तरी रेडिओच्या पोटात मान घालून बसलेले, असा देखावा बारमाही दिसतो.

तुकोबांची पालखी बावड्यावरून सराटीच्या मुक्कामाला जाते. एका वर्षी एका दिंडीचा ॲम्प्लिफायर बसला. विणेकरी म्हणाले, राहू द्या, तोंडानं म्हणू. पण तात्यांनी तोवर झाकण काढलं होतं. दिंडी निघून गेली, ॲम्प्लिफायर राहिला. रात्री तो मांडीवर घेऊन, दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून तात्या सराटीला गेले आणि सगळे तंबू हुडकून ज्याचा त्याला परत केला. दिंडीतल्या माउली पाया पडायला लागल्या. तात्या म्हणाले, "पाया काय पडता, आत मुंग्यांचं वारूळ हुतं, त्येवढं बगा."

घरात मात्र काकींचा मिक्सर दिवाळीपासून उघडा पडलेला. त्याचा दोष तात्यांना पहिल्या दिवशीच कळला होता, त्यामुळे पुढं हात लावण्यात राम उरला नव्हता.

तर अशा तात्यांच्या पुढ्यात मास्तरांचा कॉम्प्युटर आला.

पुण्यात एखाद्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं की गावाकडच्या माळ्यांवर वजन वाढतं. अशाच एका खेपेत आमच्या निवृत्त मास्तरांकडे मेहुण्याच्या घरून एक समई, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक काळा चपटा डबा आला. डब्यावर बटणं आणि एकेका बटणावर चार-पाच आज्ञा कोंबलेल्या. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं १९८२ साली विलायतेत झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. त्याचा पुढचा अवतार स्पेक्ट्रम प्लस. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन तो १९८६ पासून आपल्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणून विकला. तोच हा डबा. पडदा नाही, डिस्क नाही. घरचा टीव्ही हाच पडदा आणि प्रोग्रॅम ठेवायला गाण्याची कॅसेट. मेमरी ४८ के. रोज सकाळी मोबाइलवर येणारा सुप्रभातचा एक गुलाबसुद्धा तिच्यात मावायचा नाही.

मास्तरांचं दुखणं जुनं होतं. १९८४ साली केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले. "त्या साली आमच्या शाळेला खडूचं खोकं आलं," मास्तर सांगतात. तेव्हा राहिलेली हौस त्यांना आता फेडायची होती.

डबा बाकावर येताच सल्लागार जमले. ई-सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "तात्या, विंडोज मारा."

"कुठं मारू? भितीला?"

"हार्ड डिस्क कुठंय?"

"न्हाय."

"मग फॉरमॅट कशाला मारायचं?" म्हणून पोरगं हताश होऊन निघून गेलं.

तात्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "मास्तर, आदी कुणी लावून बगितला का?"

"मेहुण्याच्या मुलानं. वायफायच्या डब्याचा अडॅप्टर अगदी बरोबर बसला म्हणे."

तात्यांनी डोळे मिटले. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत मधे प्लस असतो. या यंत्राला ९ व्होल्ट लागतात आणि मधे मायनस लागतो. "मास्तर," तात्या हळहळून म्हणाले, "ह्येला उलटं पाजलंय ओ." आणि उठून त्यांनी शटर निम्मं खाली ओढलं. बाहेरचे मोटारवाले काय ते समजले. त्यातल्या एकानं तंबाखू मळायला घेतली, दुसऱ्यानं मोटार उचलून अकलूजचा रस्ता धरला.

यंत्राची खालची १६ के मेमरी नाजूक तब्येतीची. तिला तीन तऱ्हेचे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. यातले बारा आणि उणे पाच तयार करण्याचं काम एका वाटाण्याएवढ्या ट्रान्झिस्टरच्या गळ्यात आहे. उलटसुलट काही झालं की बहुधा तोच जातो, आणि उणे पाच बंद पडले की मेमरीच्या चिपाही त्याच्या पाठोपाठ जातात. मास्तरांनी सर्किटचा नकाशा छापून आणला होता. तात्यांनी मीटरच्या वायरी टेकवल्या. पाच होते. बारा नव्हते. उणे पाच तर नव्हतेच. दर 'नाही'ला तात्यांचा चेहरा खुलत गेला. नाडी लागत नाही म्हणून खूश होणारा वैद्य मी दुसरा पाहिला नाही.

ट्रान्झिस्टर बदलला. अँटेनाच्या सिग्नलची पत्र्याची डबी टाळून तात्यांनी तिच्या आधीच वायर काढली आणि जुन्या टीव्हीच्या एव्हीच्या भोकात खुपसली. पडद्यावर उभे पट्टे उमटले.

"झाला की चालू!" मास्तर टाळी वाजवत म्हणाले.

"चालू न्हाय. बोंबलतोय."

खालच्या मेमरीत आठ चिपा असतात आणि प्रत्येक अक्षराचा आठवा हिस्सा एकेकीकडे असतो. पंगतीत आठ वाढपी असावेत आणि त्यातला मिठाचा यायचा राहावा, तसं एक चिप गेली की बाकी सातजणी नुसत्या उभ्या. आता रुसलेली कोण, हे ओळखायची तात्यांची रीत साधी. बटण चालू ठेवायचं आणि एकेकीवर बोट टेकवायचं. पाचवीवर टेकवलं आणि तात्यांनी बोट तोंडात घातलं. "घावली!"

चिपेचा नंबर ४११६. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदारानं तो नंबर पुन्हा विचारला आणि आदरानं चहा सांगितला, चिप मात्र नव्हती. अखेर मुंबईतल्या एका मेलेल्या व्हिडिओ गेमच्या बोर्डावर तिची बहीण मिळाली. चिप बसली, बटण दाबलं, पडदा पांढरा झाला आणि तळाशी बारीक अक्षरं आली: सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड, १९८२.

शटरखालून वाकून बघणाऱ्या मंडळींत कौतुकाची कुजबुज झाली. मास्तरांनी थरथरत्या हातानं एक बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. बटणांखालच्या प्लॅस्टिकच्या पडद्याची पट्टी इतक्या वर्षांत वाळून कडक झाली होती आणि जोडताना तडकली होती. मास्तर मटकन बसले. तात्यांच्या अंगात मात्र नवं रक्त आलं. तसे पडदे आजही नव्यानं बनतात, असं कळल्यावर त्यांना थोडं वाईटच वाटलं.

पडदा आला, बसला, आणि मास्तरांनी एकदाचा प्रोग्रॅम लिहिला. यात एक बटण दाबलं की आज्ञेचा अख्खा शब्द उमटतो, हे बघून ते लहान पोरासारखे हसले. टीव्हीवर एकोणतीसचा पाढा सरसर उतरला. मास्तर वळून म्हणाले, "तात्या, बघा, बघा!"

तात्या हात पुसत होते. "एकोणतीस तुमास्नी पाठच हाय की ओ."

या जातीच्या माणसाचं असंच असतं. यंत्रानं काय करावं याच्याशी त्याला देणंघेणं नाही; ते का करत नाही, एवढंच त्याला हवं. जुन्या यंत्रावर त्याचा जीव आहे तोही त्यामुळेच. तिथं प्रत्येक पार्ट डोळ्याला दिसतो, अंगावर नंबर लिहिलेला असतो, आणि एक माणूस, एक मीटर, एक बोट एवढ्यावर सत्य हाती लागतं. नवा मोबाइल तात्यांपुढं धरला तर त्याची गोंदानं चिकटवलेली पाठ बघून ते तोंड फिरवतात. "ज्याला स्क्रू न्हाय, ती वस्तू आपली न्हवं."

मास्तरांनी बिल विचारलं. मोटारीचं बिल तोळ्यापर्यंत काढणारे तात्या लाजले. "द्या काय ते." मास्तरांनी चिपेचे पैसे दिले. तेही तात्यांना जास्त वाटले.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. वाट बघून काकींनी तो भाच्याकरवी अकलूजहून दुरुस्त करून आणला होता. तात्यांनी आवाज ऐकला, मिक्सर बंद केला, पालथा केला, बुडाचे स्क्रू पाहिले आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

"ह्यो स्क्रू कुठल्या गाढवानं चिरडला?"

"अवो, चालतोय की."

"चालतोय खरा, पर आत काय करून ठिवलंय कुणाला ठावं? खोलून बगू."

काकी काही बोलल्या नाहीत. खोबरं आणि मिरच्या भांड्यातून काढून घेतल्या, कोपऱ्यातला पाटा ओढला आणि वरवंटा हातात घेऊन म्हणाल्या, "ह्येला स्क्रू न्हाईत. लांब बसा."