कापूस घरी येऊ द्या

तेलंगणातील तलमडुगूच्या बाजारात झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या आमच्या काकांची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. घरोघरी त्यांचा एखादा अवतार नांदत असतोच. संगणकाच्या पडद्यावर अपडेटचा तगादा उमटला, की सावकाराच्या कारकुनाला वाटेला लावावे तशा शांतपणे ते ‘नंतर’ची कळ दाबतात आणि मान न वळविता म्हणतात, ‘कापूस घरी येऊ द्या.’ गळक्या पत्र्याला, दुखऱ्या दाढेला आणि पुतण्याच्या सोयरिकीलाही त्यांचा जबाब हाच. कापूस घरी येतो, विकला जातो, पैसा खर्च होतो, तरी काकांच्या हिशेबी तो अद्याप वाटेतच असतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या दुरुस्त्या धाडाव्यात, हा २००३ पासूनचा शिरस्ता मी त्यांना एकदा समजावला. दुरुस्ती जाहीर होताच भिंतीला भोक कोठे होते हे चोरांनाही कळते, सबब ती न घेणाऱ्याचे घर पूर्वीपेक्षा अधिक उघडे पडते, हेही सांगितले. २०१७ साली ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूची वाट बुजविणारी दुरुस्ती १४ मार्चला निघाली, आणि १२ मेला त्याने जगभर हाहाकार मांडून शेजारच्या आंध्र प्रदेशातील पोलिसांच्या काही संगणकांनाही टाळे ठोकले, मधले ५९ दिवस ठिकठिकाणच्या काकांचा कापूस घरी येण्यात गेले, असे मी सुनावले. त्यावर काकांनी १९ जुलै २०२४ चा दाखला काढला. त्या दिवशी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. ‘तत्पर होते तेच पडले ना? आपला चालू होता!’ पडलेला संगणक उठविता येतो, चोरीस गेलेले दस्तऐवज परत येत नाहीत, हे उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचले.

परंतु एका पावसाळी रात्री, सकाळी बँकेत द्यावयाच्या जमिनीच्या पट्टा-पासबुकाच्या आणि आधारकार्डाच्या नकला हव्यात म्हणून एक वृद्धा भिजत दारी आली, तेव्हा भरले ताट सारून काकांनी दुकान उघडले, तिचे कागद कोरडे केले, संगणकात उतरवून नकला हाती दिल्या, आणि ती पदराची गाठ सोडू लागताच म्हणाले, ‘कापूस घरी येऊ दे, माय.’ इतक्या वर्षांत ते वाक्य मला प्रथमच खटकले नाही.

मात्र त्या माउलीचे पासबुक आणि आधारकार्ड आता त्याच संगणकात आहेत, आणि दुरुस्ती अजून उंबऱ्याबाहेर उभी आहे.